लपवलेला रकाना

मला चुकलेली बेरीज सहन होत नाही. लग्नाची पत्रिका हातात आली की तारीख आणि वार जुळतात का ते मी आधी बघतो, लग्न कुणाचं आहे ते नंतर. बायको ह्याला आजार म्हणते. असेल. पंधरा वर्षं तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला दुसरा कुठला आजार होणार? ती नोकरी दर जूनमध्ये नव्यानं मागावी लागायची. दोनेक वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी मागायला गेलो नाही, कारण मला एका संस्थेत कंत्राटी काम मिळालं होतं. राज्यातल्या व्यापारी वापराच्या पेट्रोलियम इंधनातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, ह्याची मोजदाद ती संस्था करत होती. आमच्या शहराचा भाग माझ्याकडे आला.

कागदावर हे काम फार भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात मी स्कूटरवरून गारखेड्यापासून छावणीपर्यंत आणि जालना रोडनं थेट करमाडपर्यंत हिंडायचो. हॉटेलं, दवाखाने, मंगल कार्यालयं, खानावळी, भज्यांचे गाडे. तुमच्या जनरेटरला महिन्याला डिझेल किती लागतं, गॅसच्या टाक्या किती जातात, एवढंच विचारायचं. फॉर्मवर शहराचं जुनं नाव छापलेलं होतं, त्यावर रेघ मारून मी प्रत्येक वेळी नवं लिहायचो. लोक मला आधी इन्कम टॅक्सवाला समजत, मग विमेवाला, आणि मी खरं कारण सांगितलं की वेडा.

मोजायची रीत तशी सोपी आहे. तेल कंपन्यांनी किती इंधन विकलं ते घ्यायचं, घरगुती, व्यापारी, वाहतूक, उद्योग अशा रकान्यांत मांडायचं आणि ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. एक किलो गॅस जळाला की जवळजवळ तीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार कुणीही करेल. रकाने खरे आहेत का, हे बघणं माझं काम होतं. ते खरे नव्हते. मंगल कार्यालयाचा जनरेटर लग्नसराईत दिवसभर धडधडतो, पण त्याचं डिझेल पंपावरून कॅनमध्ये भरून येतं, म्हणून कागदावर ते वाहतुकीत जातं. खानावळीत आणि गाड्यावर एकोणीस किलोची निळी व्यापारी टाकी असायला हवी, पण असते लाल, घरगुती. म्हणजे धंद्याचा धूर कागदावर घरच्या स्वयंपाकात जमा होतो. हे सगळ्या शहराला माहीत आहे, फक्त कागदाला माहीत नाही. माझ्या डोक्यात नेमकं तेच बसलं. खरा आकडा काढायचाच.

गारखेड्यात एका मावशीची खानावळ होती. ‘होती’ लिहिताना हात अडतो. करमाडच्या पुढच्या एका खेड्यातून मी शिकायला शहरात आलो तेव्हा चार वर्षं तिथंच जेवलो. मावशीचा नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होता, तो अचानक गेला. तिनं घरातल्या पुढच्या खोलीत चार पोरांना जेवायला बसवलं, त्याचे पुढे तीस-चाळीस झाले. स्पर्धा परीक्षा देणारी खेड्यापाड्यातली पोरं-पोरी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एक लाकडी रॅक. परीक्षा पास झाला की पेढे आणायचे नाहीत, आपली पुस्तकं मागच्यांसाठी त्या रॅकवर ठेवून जायचं, असा तिचा दंडक होता. नापास झालेल्यानंही ठेवायची, कारण त्याला आता ती नकोशी झालेली असतात, असं ती म्हणायची. मी चाळिशी ओलांडली तरी ती मला अरे-तुरेच करायची आणि वर ‘सर’ म्हणून चिडवायची. कामाच्या निमित्तानं मी दुपारचा पुन्हा तिच्याकडेच जेवू लागलो.

तिच्याकडे सगळ्या लालच टाक्या. एका घरगुती कनेक्शनवर एवढ्या ताटांचा स्वयंपाक होत नाही, म्हणून गल्लीतल्या पाच घरांची गॅसची पुस्तकं तिच्याकडे असत. ह्या गल्लीत म्हाताऱ्या जोडप्यांचीच घरं जास्त. पोरं पुण्याला. दोन माणसांच्या चहा-वरणाला टाकी चार-चार महिने पुरते. उरलेली नोंदणी ते मावशीला देत आणि बदल्यात मावशी त्यांना दोन वेळची भाजी-भाकरी देई. लेखी काही नाही, तोंडीही काही ठरलेलं नाही. टाकी आली की मोबाइलवर नंबर येतो, तो सांगितल्याशिवाय टाकीवाला टाकी देत नाही. तेव्हा पलीकडच्या घरातले निवृत्त पोस्टमन काका फोन हातात धरून, चष्मा कपाळावर, तो नंबर मोठ्यानं घोकत मावशीच्या दारापर्यंत येत. वाटेत कुणी हाक मारली तरी ओ देत नसत, नंबर विसरेल म्हणून. काका-काकूंना मावशीचा डबा होता म्हणून पोरगा पुण्यात निर्धास्त होता.

एकाचे तीन किलो कसे होतात, हे मी मावशीला एकदा समजावून सांगितलं. हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो वगैरे. तिनं पोळी लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं आणि पिठाचं असं का होत नाही, ते विचारलं. मग गंभीर झाली. तिच्या गावाकडं विहिरी कशा आटतात ते ती बघत होती, तिला हवामान समजावून सांगायची गरज नव्हती. हे मोजून तुम्ही लोक पुढं काय करणार, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, आधी खरं किती ते तर कळू दे. मला ते उत्तर तेव्हा फार बरोबर वाटलं होतं.

माझा पहिला अहवाल गेला. आमच्या प्रकल्पप्रमुख बाई पुण्याच्या ऑफिसात असतात, हुशार आणि काटेकोर, माझ्यासारख्याच. त्यांनी फोनवर सांगितलं की धंद्यात घरगुती गॅस वापरला जातो हे तुम्ही म्हणता, पण हा अंदाज झाला. आधार द्या. मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. वर्गात मीच पोरांना आधाराशिवाय आकडा लिहू देत नसे.

मग मी आधार गोळा करायला निघालो. मंगल कार्यालयवाल्यांनी मला गेटवरूनच परत पाठवलं. मोठ्या हॉटेलांच्या मॅनेजरांनी मेल करा म्हणून सांगितलं आणि मेलला उत्तर दिलं नाही. ज्या छोट्यांनी मला आधी चहा पाजला होता, तेच बोलले. सत्तावीस जणांनी मला पत्ता दिला, कुणाकुणाच्या कनेक्शनवरच्या टाक्या वापरतात ते सांगितलं, ग्राहक क्रमांक लिहू दिले. बहुतेक बायाच. नाव कुठंही जाणार नाही, असं मी प्रत्येकीला सांगितलं आणि मनापासून सांगितलं.

मावशीनं मात्र पहिल्यांदाच हात आखडता घेतला. पुस्तकं पिठाच्या डब्यामागं होती. ती तिथवर गेली आणि थांबली.

“हे दुसऱ्यांचं हाय, सर. माझं असतं तर कवाच दिलं असतं. कुठं जाणार नाय ना?”

“नाय मावशी,” मी म्हणालो. “फक्त आकड्यासाठी.”

तिनं पुस्तकं काढून माझ्यापुढं ठेवली. मी तिचा धरून सहाही क्रमांक उतरवले आणि दोनदा पडताळले. तिचा पुरावा सगळ्यात चोख होता, म्हणून यादीत मी तिला पहिलं घातलं.

पुढचं मी कितीदा आठवून बघितलं आहे. मार्चमधली दुपार होती. बाईंचा फोन आला की वेगवेगळ्या खात्यांची बैठक आहे, तक्ता आत्ताच्या आत्ता पाठवा. तक्त्यात पत्ते आणि ग्राहक क्रमांकांचे तीन रकाने होते. ते काढून टाकायला मी माऊस नेला आणि थांबलो. उद्या कुणी पुन्हा आधार मागितला तर? मूळ नोंद पुसायची नाही, हे मी जन्मभर शिकवलं. तशी आणखी एक प्रत ठेवून ह्यातून पुसता आलं असतं, शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. मी रकाने निवडले, उजवं बटण दाबलं आणि ‘लपवा’ केलं. पडद्यावरून ते गेले. आकडे तेवढे राहिले, नीट, एकाखाली एक. मी फाइल पाठवून दिली आणि समाधानानं चहा घेतला. लपवलेला रकाना दोन क्लिकांत परत दिसतो, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी तो विषय शिकवत होतो.

बैठक चांगली झाली असं बाईंनी कळवलं. फाइल अभिप्रायासाठी सगळ्या खात्यांना गेली होती. माझ्या आकड्यानं व्यापारी रकाना वाढला आणि घरगुती तेवढाच कमी झाला. राज्याच्या एकूण बेरजेत एका ग्रॅमचाही फरक पडला नाही. पडणार नव्हताच, हेही मला आधीपासून माहीत होतं. एप्रिल ते जुलै शांत गेले.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी दुपारी मी जेवायला गेलो तर पोरं खानावळीबाहेर उभी होती. सकाळी दहाच्या सुमाराला पुरवठा खात्याची दोन माणसं आणि एक गाडी आली होती. भात शिजत होता, तो अर्धा कच्चा उतरवायला लावून त्यांनी टाक्या मोजल्या, पंचनामा केला आणि भरलेल्या-रिकाम्या सगळ्या घेऊन गेले. दुसऱ्यांच्या नावावरच्या टाक्या म्हणून त्या पाच घरांनाही चौकशीला बोलावणं येईल, असं सांगून गेले. मावशी ओट्याजवळ बसली होती. भिजवलेली कणीक तशीच परातीत होती. मला बघून ती उठली आणि म्हणाली की बरं झालं आलास, तुला सरकारी भाषा येते, एक अर्ज लिहून दे. मला माझी यादी आठवली. तरी मी बसलो आणि लिहिला. विधवा आहे, उदरनिर्वाहाचं दुसरं साधन नाही, सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. तिनं सही केली. अक्षर छान आहे म्हणाली.

शुक्रवारी मी तो अर्ज घेऊन त्या खात्याच्या कार्यालयात गेलो. तिथले अधिकारी सज्जन होते, हे मला सांगायलाच हवं. आरडाओरडा करणारा, चिरीमिरी मागणारा माणूस निघाला असता तर मला चिडता आलं असतं. त्यांनी मला खुर्ची दिली, अर्ज दोनदा वाचला, आमचाही नाइलाज आहे म्हणाले. लेखी माहिती समोर आली की कारवाई करावीच लागते, नाहीतर तेच अडचणीत येतात. कसली माहिती, असं मी विचारलं. विचारताना मला उत्तर कळलं होतं. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझाच तक्ता. माझाच फॉन्ट, माझीच रंगवलेली शीर्षकं, आणि मधले तीन रकाने उघडे.

“काय सुंदर यादी केलीय कुणीतरी,” ते म्हणाले. “आमच्या माणसांनी आजवर इतकं नीट काम केलं नाही.”

मी केली, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चहा मागवला. ही माहिती कारवाईसाठी नव्हती, मी लोकांना शब्द दिला होता, असं बरंच मी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. यादी इतर ठिकाणीही गेली आहे, आता त्यांनी डोळे मिटले तरी दुसरा कुणी विचारेल, असं ते म्हणाले. माणसं कमी होती म्हणून इतके महिने काही करता आलं नव्हतं. आता सोमवारपासून रोज थोड्या जागा घ्यायच्या, वरून क्रमानं. मंगल कार्यालयांचं काय, असं मी विचारलं. त्यांची नावं यादीत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. खरंच नव्हती. ज्यांनी खरं सांगितलं तेवढेच माझ्या यादीत आले होते.

बाहेर येऊन मी बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मला दोष न देता सांगितलं की फाइल परत मागवण्याचं पत्र त्या देतील, पण त्याचा उपयोग होणार नाही. मला वाटतं त्या रडत होत्या. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. कार्यालय नियमानं वागलं, बाई रीतीनं वागल्या, आणि मी तर सगळ्यांपेक्षा काटेकोर वागलो.

शनिवारी गल्लीत गेलो. मावशीनं शेजारून एक कोळशाची शेगडी आणली होती आणि त्यावर पोरांसाठी खिचडी लावली होती. निम्मी पोरं दुसरीकडे गेली होती. पोस्टमन काकांच्या घरी पुण्याहून पोराचा फोन आला होता. ह्या भानगडीत पडू नका, आपलं कनेक्शन जाईल, असं त्यानं खडसावलं होतं. मावशीनं पाठवलेला डबा काकूंनी दारातूनच परत केला, आणि तोही भरलेला. काका तिचं दार चुकवून मागच्या बोळानं जाऊ लागले होते. मी त्यांना तिथं गाठलं तर त्यांनी मान खाली घातली. दुपारी काय खाल्लं, असं विचारलं तर म्हणाले, बिस्किटं आहेत घरात.

त्या रात्री मला झोप आली नाही. रविवारी सकाळी गेलो तेव्हा मावशी भांडी घासून पालथी घालत होती. मोठी पातेली तिनं विकायला काढली होती. नवऱ्याकडची एक पुतणी करमाडजवळच्या हॉटेलात स्वयंपाकाला होती, तिथं मावशीला पोळ्या लाटायचं काम मिळणार होतं. सकाळी सहाला रिक्षानं जायचं, संध्याकाळी यायचं. तिथं निळ्या टाक्या आहेत, असं तिनं आपणहून सांगितलं. मी ओट्याशी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. यादी, रकाने, उजवं बटण, तिचं नाव पहिलं का घातलं ते. शब्द सापडत नव्हते म्हणून तेच तेच पुन्हा सांगत होतो.

ती भांडी घासायची थांबली नाही. माझं संपल्यावर तिनं हात धुतले, पदराला पुसले. ती मला शिव्या देईल असं वाटत होतं, आणि द्याव्यात असंही वाटत होतं.

“माझ्यासारख्या अजून कितीजणी हायेत त्याच्यात?”

“सव्वीस,” मी म्हणालो.

“त्यांला म्हाईत हाय?”

गुरुवारपासून मी फक्त तिचाच विचार करत होतो. खरं तर तिचाही नाही, ती मला काय म्हणेल ह्याचाच. बाकीच्या सव्वीस जणांना सोमवारच्या आत सांगायला हवं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

“मंग इथं काय उभा राह्यलास?” ती म्हणाली. “जा, सांग त्यांला. निदान दुसऱ्याची पुस्तकं तरी ज्याची त्याला देऊन टाकतील. शेजारीपाजारी तरी तुटायचं नाय.”

मी निघालो. यादी घडी घालून खिशात घेतली. ते वरून येणार होते, खालच्यांना तरी सावरायला वेळ मिळेल म्हणून मी खालून सुरुवात करायचं ठरवलं. शेवटचं नाव छावणीतल्या एका भजीवाल्याचं होतं. मेहुण्याच्या आणि सासूच्या कनेक्शनवर तो आणि त्याची बायको गाडा चालवत. स्कूटरवर बसून मी वाटभर वाक्यं जुळवत होतो. टाक्या हलवा म्हणावं तर उद्यापासून तळणार कशावर? निळी घ्या म्हणावं, तर ती परवडली असती तर त्यानं आधीच घेतली नसती का? सांगायला माझ्याकडे फक्त माझी चूक होती.

रविवारची गर्दी होती. त्यानं मला लांबूनच ओळखलं, बायकोला स्टूल पुसायला सांगितलं आणि झाऱ्यातली भजी कागदावर टाकून माझ्यापुढं ठेवली. आच बारीक करून तो जवळ आला. मला वाटलं, ह्याला कुठून तरी कळलं.

“सर, बरं झालं आले तुम्ही,” तो हळू म्हणाला. “मागच्या टाइमाला एक नंबर मी चुकीचा सांगितला होता. डर लगा था. पण इतके महिने झाले, कोणी आलं नाय. आप जबान के पक्के निकले. आज सही नंबर लिहून घ्या.”

मी तोंड उघडायच्या आत तो नंबर सांगू लागला.